तांबड्या दगडाचा टोप

नवसीच्या पायांपुढे मनोरच्या चपलावाल्याने केव्हाच हात टेकले होते. तिच्या पावलांना बसेल अशी बायकी चप्पल त्याच्या दुकानात नव्हती आणि पुरुषी चप्पल घालायला नवसी तयार नव्हती. बोटं फाकलेली, टाचा रुंद, तळवे पाटासारखे सपाट. ओल्या वाटेवर तिचं पाऊल उमटलं की पाड्यावरची पोरंसुद्धा ओळखत, नवसीकाकी गेली. हे पाय तिला जन्माने मिळाले नव्हते, ते तिने माहीमच्या मिठागरावर कमावले होते.

भाताची झोडणी उरकली की पाड्यावरची निम्मी घरं दाराला कडी घालून कामाला बाहेर पडत. कुणी वीटभट्टीवर, कुणी बोईसरच्या बांधकामांवर. नवसी लग्नाआधीपासून माहीमच्या खाडीकाठी मिठागरावर जायची. मिठाचं काम म्हणजे मीठ ओढायचं काम असं लोकांना वाटतं. खरं काम त्याच्या आधीचं, तळाचं. वाफ्याचा तळ पाझरला तर पाणी जातं आणि मिठाच्या नावाने शिमगा करत बसावं लागतं. म्हणून खाडीचा काळा चिखल आणायचा आणि आधी चिमूटभर दातांखाली धरायचा. कचकचला तर त्यात वाळू आहे, टाकून द्यायचा. जिभेवर लोण्यासारखा विरला तर कामाचा. मग बायकांनी ओळीने उभं राहायचं, कमरेवर हात ठेवायचे आणि तळ तुडवायचा. सुकत आला की पाणी शिंपडून पुन्हा तुडवायचा, पाण्याला त्यात वाट सापडेनाशी होईपर्यंत. तिथला मुकादम तोंडाचा फटकळ, कौतुक त्याच्या कुंडलीतच नव्हतं. पण एकदा सगळ्यांदेखत तो म्हणाला होता, "नवसीचा वाफा पाझरत नाय." उभ्या आयुष्यात बाईला कुणी दिलेलं शाबासकीचं एवढं एकच वाक्य. त्याच्या जोरावर ती जरा ताठ चालायची, आणि ते कुणाच्या डोळ्यांत खुपतही नव्हतं.

तिचा पाडा मनोरच्या पुढे, हायवे सोडून डोंगराच्या अंगाला. पाड्याला विहीर एकच. नवसीचा मोठा दीर भिका आणि त्याच्या वयाच्या गड्यांनी ती तरणेपणी खणली होती. वरचा सगळा काळा कातळ. त्याच्या भेगांतून पाणी ठिबकायचं, पण थांबायचं नाही. खणता खणता एके ठिकाणी पहार मऊ लागली. काळ्या कातळाखाली तांबड्या दगडाचा थर निघाला, हात-दीड हात जाडीचा, साबणासारखा गुळगुळीत, नखाने ओरखडा उठेल असा. त्याच्यावर येऊन पाणी थांबलं. थर निम्मा खोदून झाल्यावर भिकाने पहार टाकली आणि खणणं बंद केलं.

शाळेतल्या बाईंनी मुलांना सांगितलं होतं, की माणूस जन्मायच्या कितीतरी आधी इथे उकळता दगड वाहत आला आणि थिजला. मग खळग्यांत पाणी साचलं, त्या पाण्यात पिठासारखा बारीक गाळ बसत गेला, आणि वर पुन्हा उकळता दगड आला. दोन काळ्या दगडांमधे दाबला गेलेला तो गाळ म्हणजे हा तांबडा दगड. नवसीच्या सपनाने घरी येऊन हे सांगितलं तेव्हा नवसीने त्या दगडाची कपची दातांखाली धरून पाहिली. जरासुद्धा कचकचली नाही. "खराच गो, गाळच हाय," ती म्हणाली, आणि तेव्हापासून तिला त्या दगडाचा लळा लागला.

ह्या दगडाशिवाय पाड्यावर लग्न लागत नसे. मुलीचं लग्न ठरलं की वैशाखात पाणी खाली गेल्यावर तिच्या आईने स्वतः विहिरीत उतरायचं आणि कडेच्या थरातून टोपलीभर तांबडा दगड खरवडून आणायचा. तो भिजवून, शेणात कालवून घराची आतली भिंत सारवायची. त्या भिंतीवर लग्नाच्या आदल्या दिवशी सवासिनी तांदळाच्या पिठाने चौक काढणार, चौकात पालघट देवी उभी राहणार, आणि तिच्यापुढे बसून धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, लग्नाची गाणी गाणार. दगड घ्यायचा तो कडेचाच, तळाला हात लावायचा नाही. का, तर तळाला हिरवा देव बसला आहे. जुनी माणसं असं सांगत, आणि देवाचं नाव निघाल्यावर पुढे विचारतो कोण?

काही वर्षांमागे सरकारी योजनेतून विहीर बांधून निघाली. पोरं पडायची भीती गेली, पण कडेचा तांबडा थर सिमेंटच्या मागे गेला. टेकडीवर थोडा तसाच दगड होता, ती टेकडी नव्या रस्त्याच्या भरावात गेली. तेव्हापासून पाड्यावरच्या लग्नाच्या भिंती मनोरच्या दुकानातल्या डब्यांनी रंगू लागल्या. पालघट बिचारी ऑइलपेंटवरही उभी राहायची. तिला कुणी विचारलं नव्हतं.

सपना नवसीची एकुलती एक. बाप रामू ती लहान असताना तापाने गेला. ती पालघरला कपड्यांच्या दुकानात कामाला होती, आणि लग्न ठरलं होतं बोईसरला कारखान्यात कामाला असलेल्या मेहुलशी. "आये, डबा आनूया ना पेंटचा," सपना म्हणाली. "आता कोन उतरतो विहिरीत?"

"माजी आय ह्याच विहिरीत उतरलेली," नवसी म्हणाली. "तुज्या बापाशी माजा लगीन तांबड्या भितीपुढं लागला. तुजा का डब्यातल्या भितीपुढं लावू?"

आणि ती उतरली. घोटाभर पाणी होतं. कड सिमेंटची, म्हणून तिने तळाकडे पाहून हात जोडले. "हिरव्या, कड बुजली रे. एक टोपली तळाची घेते, रागावू नको." एका टोपलीवर भागलं असतं तर हिरवाही कदाचित रागावला नसता. पण घरकुल योजनेतलं नवं घर, सिमेंटच्या भिंती. पातळ सारवण धरेचना, सकाळी लावलेलं संध्याकाळी पोपड्यांनी खाली यायचं. बोटभर जाड थर द्यावा लागला. एका टोपलीच्या चार झाल्या, आणि चारही एकाच जागेवरून, कारण तिथे पहारेला तोंड मिळालं होतं. गाळाचा दगड व्हायला किती काळ गेला असेल ते देव जाणे. दगडाचा पुन्हा गाळ करायला नवसीला दोन सकाळी पुरल्या.

भिंत मात्र अशी झाली की बघत राहावं. पाड्यावरच्या बायका येऊन हात फिरवून गेल्या. म्हातारी भागी, जी धवलेरी म्हणून लग्न गाणार होती, तिने भिंतीला गाल लावला आणि म्हणाली, "किती दिसांनी गो ही भिंत बगली." नवसीला धन्य धन्य वाटलं. इतकं सुख तिने बरेच दिवसांत घेतलं नव्हतं, आणि तिला ते फार पुरलंही नाही.

लग्न आठवड्यावर आलं असताना एका सकाळी बायका रिकाम्या घागरी घेऊन तिच्या दारात उभ्या राहिल्या. कुणी ओरडत नव्हतं. "नवसे, विहिरीत पानी नाय," एवढंच एक जण म्हणाली.

नवसी धावत गेली आणि खाली उतरली. तिने केलेल्या खड्ड्याचा तळ बसला होता. तांबड्या थराची उरलेली पातळ कपची रात्रीत तुटली होती, आणि खालच्या फुटक्या काळ्या दगडात हात जाईल एवढं भोक पडलं होतं. कातळातून ठिबकणारं पाणी तांबड्या तळावरून ओघळत त्या भोकाशी यायचं आणि आत जायचं. आत कुठेतरी खोल त्याचा आवाज येत होता. नवसीने दोन्ही हात भोकावर दाबून धरले, पाणी बोटांमधून गेलं. तिच्या तोंडून हुंदका बाहेर पडला.

ती वर आली तेव्हा भिका काठावर उभा होता. त्याने काय घडलं ते न उतरताच ओळखलं. "टोप होता तो," तो म्हणाला. "तांबड्या दगडाचा टोप. त्यात पानी ऱ्हायचा. तू टोपाला भोक पाडलास." मग म्हणाला, "हिरवा बसलाय म्हनून का सांगत होतो? नुसता दगड हाय सांगला असता, तं आवघ्या बायांनी कवाच खरवडून नेला असता." नवसीला वाटलं, त्याने दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

आता पाणी कुठलं? ओहोळाच्या पात्रात खणलेला डवरा होता, उतार उतरून जायचं, वाटीने पाणी भरायचं आणि घागर घेऊन डोंगर चढायचा. टँकरचं पंचायतीत सांगून आले, तर रस्ता असा की टँकर अर्ध्यावरच थांबणार. वैशाख संपत होता, पाऊस अजून लांब होता, आणि आठवड्याभरात बोईसरहून वऱ्हाड येणार होतं. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो नवसीने स्वतःच्या हाताने आणला होता. बायका तिच्या अंगणासमोरून डवऱ्याकडे जात तेव्हा बोलत नसत, आणि तेच तिला सहन होत नव्हतं.

पाड्यावरच्या पोरांनी भोकात दगड टाकले, वर मुरूम टाकला, कुणाच्या घरकुलातून उरलेलं सिमेंट टाकलं. सिमेंट घट्ट झालं, पण त्याच्या कडेचा मऊ दगड ओला होऊन सुटला आणि पाणी शेजारून गेलं. नवसी बघत होती. मुरमाचा एक दाणा तिने दातांखाली धरला. कचकचला. जे दातांत कचकचतं ते पाणी धरत नाही, हे तिला पाड्यावरच्या कुणाही पोरापेक्षा जास्त कळत होतं. आणि मग तिला आपले पाय आठवले.

मनोरच्या बाजारात माहीमची जयवंती सुकी मासळी घेऊन येत असे. कोळीण, आवाज असा की शेजारच्या भाजीवालीची गिऱ्हाइकंसुद्धा तिच्याकडे वळायची. मासे खारवायला मीठ न्यायला ती मिठागरावर यायची, तिथपासूनची दोघींची मैत्री. नवसीने तिला फोन केला, आणि दुसऱ्या दिवशी बोंबलांच्या टोपल्यांसोबत खाडीच्या चिखलाची पोती टेम्पोतून मनोरला उतरली.

"अगो, पन खारा चिखोल तो," जयवंती म्हणाली. "गोडे पान्यात टाकशील? तुजा डोका फिरला काय गो?"

"मुकादमाच्या तळ्याचा बांध कशाचा हाय?" नवसी म्हणाली. "ह्याच चिखलाचा ना? आनि पानी गोड नाय का त्याचा? जल्मभर पिली मी."

ते खरं होतं. मिठागराच्या कडेला कामगारांच्या पिण्याच्या पाण्याचं तळं होतं आणि त्याचा बांध खाडीच्या चिखलाचाच होता. जयवंतीने पोत्यांवर बोंबलांची एक जुडी ठेवली. "लग्नाला," म्हणाली आणि तोंड फिरवून गिऱ्हाइकाला हाक मारायला लागली.

पोती डोंगर चढली. पाड्याने खांदे दिले, कारण बुडत्याला काडीचा आधार. भिकाने चपटे दगड निवडून भोकात पाचरीसारखे बसवले, नवसीने त्यावर चिखल टाकला आणि कमरेवर हात ठेवून तुडवायला सुरुवात केली. दिवसभर तुडवला. संध्याकाळी तळावर पाण्याचा पातळ थर दिसला, आणि तो हलत नव्हता. तिने ओंजळ भरून तोंडात घेतली. किंचित वेगळी चव होती, नव्या माठासारखी. जाईल, ती स्वतःशी म्हणाली. वर माणसं टाळ्या वाजवत होती. तिला वर काढायला भिकाने हात दिला. दोरावरून वर येताना नवसी रडत होती.

दुसरा दिवस चौकाचा, लग्नाच्या आदला. सकाळीच सवासिनी आल्या. तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग, बांबूची काडी. भागी दाराशी बसून गुणगुणत होती, आणि त्या तांबड्या भिंतीवर चौकट उभी राहत होती, नक्षी, झाडं, सूर्य-चंद्र, मधोमध पालघट. सपनासुद्धा फोन बाजूला ठेवून बघत बसली होती. "पेंटवर नाय असा दिसत," ती हळूच म्हणाली. नवसीने ते ऐकलं आणि मुद्दाम मागे वळून पाहिलं नाही.

पालघटीच्या डोक्यावर शेवटची रेघ ओढून झाली तेव्हा बाहेर आरडाओरड सुरू झाली. रात्रभरात विहिरीत पाणी चांगलं घोटाच्या वर आलं होतं, बायकांनी घागरी भरल्या होत्या, आणि ज्याने ज्याने तोंडाला लावलं त्याने थुंकलं. शेळ्यांनी तोंड लावून मान फिरवली. नवसी गेली आणि तिने घोट घेतला. खारट. माहीमच्या खाडीसारखं खारट, रात्रभर चिखलात मुरलेलं.

तेव्हा तिला मुकादमाचं तळं नीट आठवलं. तो बांध तिच्या जन्माच्याही आधीचा होता. त्याने किती पावसाळे अंगावर घेतले होते, किती पावसांनी त्याचं मीठ धुऊन नेलं होतं. तिने बांध बघितला होता, पावसाळे मोजले नव्हते. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. आणि ज्या मिठागराच्या जोरावर ती आयुष्यभर ताठ चालली, त्यानेच तिला असं तोंडघशी पाडावं, ह्याचं तिला भयंकर दुःख झालं.

"काढ तो चिखोल," भिका म्हणाला. "सगला काढ. आनि आता काय नको करूस. बस झाला तुजा."

नवसीने चिखल काढला. एकटीने भरला, पोरांनी वर ओढला. शेवटचं घमेलं वर गेल्यावर पाणी पुन्हा दगडांच्या फटींतून जायला लागलं, तोच आवाज. ती खाली तशीच बसून राहिली. पोरीच्या हौसेपायी पाड्याचं पाणी गेलं, एवढंच तिच्या डोक्यात फिरत होतं. दुसरा चिखल नाही. टेकडी नाही, कड सिमेंटच्या मागे. तळाचा आणखी दगड काढावा तर दुसरं भोक. पाणी धरणारी माती तिला माहीत होती, ती कुठे आहे हेही माहीत होतं, आणि म्हणूनच ते मनात आणायला ती घाबरत होती.

शेवटी ती वर आली, घरात गेली आणि कोपऱ्यातलं खुरपं उचलून भिंतीपुढे उभी राहिली.

"काय करतीस?" भागी दाराशीच होती.

"विहिरीचा हाय, विहिरीला देते."

"नवसे! पालघट आलीय भितीवर. उद्या लगीन हाय. चौक मोडलास तं मी बसनार नाय लग्नाला, आताच सांगते."

"नको बसूस," नवसी म्हणाली. तिचा आवाज फुटला होता. "पानी नसला तं लगीन हो का नको हो, हितं ऱ्हायचा कुनी? सांग तूच."

भागी काठी टेकत निघून गेली. नवसीने पहिला घाव कोपऱ्यात घातला, जिथे नुसती नक्षी होती. पालघटीपर्यंत यायला तिला वेळ लागला. आली तेव्हा तिने डोळे मिटून घेतले. तांबडी ढेकळं आणि त्यांवरचे पांढरे तुकडे, सूर्याचा अर्धा, झाडाची फांदी, सगळं टोपलीत पडत होतं. सपना मधल्या दारात उभी होती. तिच्या अंगावर हळद होती.

"मी सांगलेला तुला," ती म्हणाली. "डबा आनूया सांगलेला. तुलाच पायजे होती भित." आणि ती अंगणात जाऊन घराकडे पाठ करून बसली. पोरीचं एकही अक्षर खोटं नव्हतं.

मोकळी झालेली भिंत करडी, सिमेंटची, खरवडल्याचे ओरखडे उठलेली. ती ढेकळं नवसीने डवऱ्याच्या गोड्या पाण्यात भिजवली, शेणाच्या काड्या वेचून काढल्या, हातांनी घोळून लोण्यासारखं केलं. चिमूटभर दातांखाली धरलं. कचकचलं नाही. भिकाने टोपलीत डोकावून पाहिलं. "एवड्यानं भरंल?"

"भरायला पायजे."

भिकाने डोक्याचं फडकं काढून दोर हातात घेतला आणि तिला खाली सोडलं.

त्या गाळाचा तिला पुन्हा दगड करायचा होता. देवाने त्याला डोंगराचं ओझं आणि लाखो वर्षं दिली होती, नवसीकडे दोन पाय होते. ती तुडवत राहिली. रात्र कधी झाली आणि कधी सरली हे तिला सांगता येणार नाही. थर सुकत आला की पाणी शिंपडायचं, पुन्हा तुडवायचं, कडेला टाचेने दाबायचं, जिथे तांबड्याला तांबडं चिकटायला हवं. पाय बधिर झाले, पोटऱ्यांत गोळे आले. मधेच ती थांबली तर पाणी बुडबुडा काढायचं, की पाय आपोआप उचलला जायचा. भिकाने भाकर सोडली, ती तशीच दोराला लोंबत राहिली.

सकाळी कधीतरी गाळाच्या वर पाणी उभं राहिलं. तळव्याखाली गेलं, बोटांवर आलं. नवसीने विहिरीच्या भिंतीच्या सिमेंटवर बोटाने तांबडी खूण ओढली, बरोबर पाण्याच्या काठाशी, आणि आता पाय अलगद, अगदी अलगद, टेकवत राहिली. अजून कच्चं होतं. आत्ता सोडलं तर फुगून सुटलं असतं.

वर ऊन चढलं. मग ढोल ऐकू आला. आधी हायवेच्या बाजूने, मग जवळ. बोईसरचं वऱ्हाड आलं होतं. विहिरीच्या तोंडातून दिसणाऱ्या तेवढ्या आभाळाकडे नवसीने पाहिलं. माणसांचा गलबला, कुणीतरी विचारलं, नवरीची आई कुठे. ज्या पोरीच्या भिंतीसाठी हे सगळं झालं तिचं लग्न नवसीला विहिरीच्या तळातून ऐकायचं होतं. तिने ओठ दातांखाली धरला आणि उजवा पाय उचलून डावा टेकवला.

तेवढ्यात गाणं सुरू झालं. जुना, घोगरा, मधेच धाप लागणारा आवाज. भागीचा. ती आली होती. त्या करड्या, ओरखडलेल्या भिंतीपुढे बसून, तिथे देवीचं ओरखड्याएवढंही चिन्ह नसताना, ती पालघटीला हाक मारत होती, येऽ गो बाय, मांडवात येऽ. नवसीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. तिने ते पुसलं नाही. भागीच्या गाण्याच्या ठेक्यावर तिचे पाय पडायला लागले, आणि गाणं संपेपर्यंत ते तसेच पडत राहिले.

ढोल पुन्हा वाजला, मग थांबला. वर काठाशी सावली आली. सपना होती, डोक्याला बाशिंग, तोंड हळदीने पिवळं. शेजारी नवरदेव मेहुल, नव्या बुटांनिशी, वाकून आत बघत होता आणि सासूला नमस्कार कुठल्या दिशेने करावा हे त्याला समजत नव्हतं. सपनाने दोराला घागर बांधली आणि मेहुलच्या हातात दोर दिला. घागर नवसीजवळ आली. नवसीने ती हळूच तिरकी केली, तळ ढवळू न देता, अर्धी भरू दिली.

घागर वर गेली. नवसी खालून तेवढ्या आभाळाकडे बघत राहिली.

"आये," सपनाने वरून हाक मारली. तिचा आवाज रडवेला होता. "गोड हाय गो."

"व्हय?"

"गोड हाय. तांबडा हाय थोडा, पन गोड हाय." मग तिने विचारलं, "ऱ्हायला ना पानी? आता ये वर. आमी निघतो."

नवसीने भिंतीकडे पाहिलं. पाणी तांबड्या खुणेच्या बोटभर खाली होतं.

अर्धी घागर काढली, उतरणारच, तिने स्वतःला सांगितलं. घागरीचंच असेल. एवढ्याशा पाण्यातून अर्धी घागर गेली तर बोटभर उतरणारच. तिने दुसऱ्यांदा खुणेकडे पाहिलं नाही.

"ऱ्हायला," ती वर तोंड करून म्हणाली. "जा तू. गाडीला उशीर व्हईल."

सावल्या काठावरून बाजूला झाल्या, ढोल वाजत उताराकडे गेला. नवसीने कमरेवर हात ठेवले आणि पाय उचलला.